लेंटिक्युलर प्रिंट: आधी पट्टी तपासा, मग फोटो छापा

रंकाळ्याच्या काठावरून संध्यामठाचा झकास स्टिरिओ फोटो (डाव्या-उजव्या डोळ्यासाठी दोन फोटोंची जोडी) घेतला, त्याची लेंटिक्युलर प्रिंट काढली, म्हणजे वर बारीक भिंगांच्या रांगांची पारदर्शक शीट लावून खोलीचा भास देणारी प्रिंट, आणि हलवली की चित्रावरून गडद पट्टे सरकतात? फोटोला दोष देऊ नका. बहुतेक वेळा घोळ मापाचा असतो. शीट 60 एलपीआयची, म्हणजे इंचाला 60 भिंगांची म्हणून विकली जाते, पण खरा आकडा किंचित पुढेमागे असतो. किती अंतरावरून बघणार, त्यावरही तो बदलतो.

म्हणून आधी एकाच कागदावर 59.8, 59.9, 60, 60.1 अशा मापांचे काळ्या-पांढऱ्या रेघांचे पट्टे छापा. वर शीट ठेवा, रेघांना समांतर करा, एक डोळा मिटून ठरलेल्या अंतरावरून बघा. डोकं जरा हलवल्यावर जो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम काळा, मग एकदम पांढरा होतो, तो आकडा तुमचा. आपल्या कोल्हापुरी पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, तेव्हा चाचणी त्याच दिवशी, त्याच कागदावर. कालची चालत नाही!

भिंगं उभीच हवीत, नाहीतर खोली दिसणार नाही. दोनच फोटो असतील तर मधली दृश्यं सॉफ्टवेअरने बनवून घ्या. 720 डीपीआयला, म्हणजे इंचाला 720 ठिपक्यांच्या छपाईत, एका भिंगाखाली 12 दृश्यं मावतात.