बैल तीन इंचाचा, काम दहा दिवसांचं

आर्वी तालुक्यातल्या माझ्या गावात मला अजून 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात. तीस वर्षं दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवले. मग फ्लेक्स आला, बोर्डाचं काम बसलं, नंदी तेवढे राहिले. रिकामं बसवेना म्हणून जलरंगात लघुचित्रं करू लागलो. बायको म्हणाली, "काहून जी, दिसत नाही म्हणता न् हे असं बारीक बारीक काढून राहिले?" चष्मा लावून काढतो, झालं.

शेजारची पोट्टी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसते. तिला शिकवताना जे सांगितलं तेच इथं लिहितो. चित्र आहे आपल्याच भागातल्या गवळाऊ बैलाचं, पोळ्याला सजवलेल्या, तीन इंच लांब.

कागद जाड, ३०० जीएसएमचा घ्या आणि दुकानात 'हॉट प्रेस', म्हणजे गुळगुळीत, असं स्पष्ट सांगून मागा. खरबरीत कागदावर बारीक रेघ तुटते. महाग वाटला तर जुन्या कारागिरांसारखी वसली करा: तीन पातळ कागद मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. चिकटवताना मधून कडेकडे दाबत हवा काढा, दोन फळ्यांत घालून वर पाटा ठेवा, नंतर सावलीतच वाळू द्या. घाईने उन्हात ठेवली तर पापडासारखी वळते. वाळली की घोटायची, म्हणजे घासून गुळगुळीत करायची. राजस्थानात अकीक दगडाने घोटतात. माझ्याकडे बैलाच्या माळेतली एक मोठी कवडी आहे, तिच्यावर काम भागतं.

ब्रशच्या बाबतीत सगळेच फसतात. चित्र बारीक म्हणून तीन शून्यांचा ब्रश आणतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागदापर्यंत जाईस्तोवर टोक सुकतं. १ किंवा २ नंबरचा गोल ब्रश घ्या. दुकानातच पाण्यात बुडवून एक झटका द्या. केस एकत्र येऊन सुईसारखं टोक झालं तर पैसे द्या, नाहीतर ठेवून द्या.

रेखाटन थेट कागदावर करू नका, खोडरबराने घोटलेला पृष्ठभाग उठतो. ट्रेसिंग पेपरवर बैल काढा, रेषेवर सुईने टोचे मारा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलकी थोपटा. बोर्डावर एकच अक्षर दहादा काढायचं असलं की आम्ही हेच करायचो. लघुचित्रवाले त्या टोचलेल्या नमुन्याला खाका म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. ठिपके पडले की पातळ गेरूने जोडून घ्या.

ट्यूबच्या रंगात डिंक असतोच. गेरूसारखा सुटा रंग घेतला तर बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्याने गाळून घाला. वाळल्यावर बोट फिरवा: रंग बोटाला आला तर डिंक कमी, चकाकून तडकला तर जास्त.

आधी झूल, शिंगं, बाशिंग यांचे सपाट रंग भरून घ्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी मेहनत अंगावरच्या छटांची. छोट्या छोट्या रेघा शेजारी शेजारी टाकून गोलाई आणायची, याला परदाज म्हणतात. शेतकऱ्याला हे एका शब्दात समजतं: वापसा. पाऊस पडला म्हणून लगेच कोणी तिफण धरत नाही; चिखलात बी कुजतं, कोरड्यात उगवत नाही. ब्रशचंही तसंच. रंगात बुडवा, मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर टोक फिरवत पुसा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहा. थेंब उभा राहिला तर चिखल आहे, रेघ तुटली तर कोरडं. नुसती बारीक ओली रेघ उमटून क्षणात वाळली की वापसा आला. आता दोन-तीन मिलिमीटरच्या रेघा, बैलाचे केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. वशिंडाखाली मी सात-आठ थर देतो.

पांढऱ्या बैलाला पांढरा रंग लावू नका. कागद सोडा, निळीत किंचित गेरू मिसळून जो राखाडी होतो, त्याच्या सावल्यांनीच बैल पांढरा दिसतो. जहांगीरच्या दरबारातल्या मन्सूरने १६२१ साली काढलेला झेब्रा मोबाईलवर मोठा करून बघा. पट्ट्यांकडे नको, पोटाखाली बघा.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पहाटे साडेपाच ते आठ एवढंच काम होतं. कूलरसमोर बसायचं नाही, तुषार उडतात. रंग लवकर सुकू नये म्हणून एक थेंब ग्लिसरीन घाला. मी एकदा मध घातला होता. सकाळी बघतो तर बैलाच्या शिंगांवर मुंग्यांची रांग.

चूक झाली तर ओलसर ब्रशने रंग उचला आणि फडक्याने टिपा. घासू नका.

डोळा शेवटच्या दिवशी, हात स्थिर असेल तेव्हा. आधी काजळाचा काळा, तो वाळला की पांढऱ्याचा एकच ठिपका. दुसरा ठिपका पडला की बैल घाबरल्यासारखा दिसतो.

फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट टाकायला सांगा. माझ्या पहिल्या बैलाला ती नव्हती. पावसाळ्यात डिंक ओलावला आणि बैल काचेला चिकटला. अजून तसाच आहे. सोडवायला गेलो तर अर्धं कातडं काचेवर राहील.