दागिन्यांच्या दुकानाची वेब प्रणाली बनवताना या चुका टाळा

साबण-बिस्किटांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर उचलायचं, त्यात 'वजन' हा एक रकाना वाढवायचा आणि सराफी प्रणाली तयार झाली म्हणायचं, असे प्रकार सर्रास चालतात. पहिल्या स्टॉक मोजणीपर्यंत ते खपूनही जातं. मग अडतं, कारण सराफाकडे दोन वह्या समांतर चालतात: एक पैशांची आणि दुसरी धातूची. डेव्हलपरला पहिलीच दिसते.

'अंगठी, नग १२' अशी नोंद

एकाच डिझाइनच्या दोन अंगठ्यांचं वजन क्वचितच सारखं भरतं. त्यामुळे प्रत्येक दागिन्याला स्वतःचा क्रमांक, स्वतःचा टॅग, आणि ढोबळ वजन, खड्यांचं वजन, निव्वळ वजन असे तीन वेगळे रकाने हवेत. 'कॅरेट' नावाचा एकच रकाना तर ठेवूच नका. सोन्याचा कॅरेट हा २४ पैकी किती भाग शुद्ध ते सांगतो, तर हिऱ्याचा कॅरेट म्हणजे सरळ २०० मिलिग्रॅम वजन. दोन्ही एकाच रकान्यात गेले की रिपोर्टचा विचका होतो.

वजन फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या संख्याप्रकारात, साठवू नका. तिथे ०.१ अधिक ०.२ हे नेमकं ०.३ येत नाही. दशांश जसेच्या तसे ठेवणारा डेसिमल प्रकार वापरा किंवा पूर्णांकात मिलिग्रॅम ठेवा.

धातूखातं थोडं थोडं चुकत जाणं

ही चूक सगळ्यात चिवट. २२ कॅरेट म्हणजे २२ भागिले २४, अर्थात हजारात ९१६.६७ भाग शुद्ध, पण दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का ९१६ चा असतो. बिलिंग लिहिणाऱ्याने एक आकडा घेतला आणि कारागिराच्या खात्याचा कोड लिहिणाऱ्याने दुसरा, तर काय होतं? २०.११० ग्रॅम निव्वळ वजनाच्या बांगडीत शुद्ध सोनं एका हिशेबाने १८.४२१ ग्रॅम निघतं, दुसऱ्याने १८.४३४. फरक फक्त १३ मिलिग्रॅमचा, म्हणून कुणी लक्ष देत नाही. किलोमागे मात्र तो दोन-तृतीयांश ग्रॅमपर्यंत जातो आणि कारागीर नि मालक एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. शुद्धतेचा तक्ता एकाच जागी ठेवा. सगळा कोड तिथूनच वाचू दे. यातला कोणता आकडा धरायचा हे मालकाने ठरवायचं, प्रोग्रामरने नव्हे.

कारागिराला दिलेलं सोनं, परत आलेला दागिना आणि घट (घडवताना वाया गेलेलं सोनं) यांच्या नोंदी वेगवेगळ्या हव्यात. 'ॲडजस्टमेंट' नावाचं बटण दिलंत, की चुका आणि चोऱ्या दोन्ही त्याच्याच आड लपतात.

मोडीचंही तसंच. ग्राहकाने जुनं सोनं दिलं आणि प्रणालीने बिलात तेवढी सवलत दाखवली, तर पैसे बरोबर जुळतात. पण तिजोरीत आलेला धातू कुठल्याच वहीत चढत नाही. मोड ही खरेदी आहे. तिचं वजन, तपासलेली शुद्धता आणि लावलेला दर नोंदवा आणि मगच ती रक्कम नव्या बिलात वळती करा.

जुन्या बिलावर आजचा दर

बिलाची रक्कम दरवेळी चालू दरावरून काढणाऱ्या प्रणालीत जुन्या बिलाची प्रत काढली की आकडा बदललेला असतो. दर, घडणावळ, कर आणि पूर्णांकन बिल होताना गोठवा. झालेलं बिल दुरुस्त करायची सोय देऊ नका. रद्द करून नवं करायला लावा.

एकच हार, दोन काउंटर

दोन विक्रेत्यांनी एकाच क्षणी एकच टॅग स्कॅन केला तर? 'शिल्लक आहे का' हे आधी विचारून मग विक्री नोंदवणारा कोड इथे फसतो. स्थिती 'शिल्लक' असेल तरच 'विकला' करा, असा एकच अपडेट डेटाबेसवर चालवा आणि त्याने किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य असेल, तर दुसऱ्याने आधीच विकलाय.

मोजणी जुळत नसेल तर

आधी नग जुळवा, मग वजन. नग कमी भरले तर प्रथम जांगडवर, म्हणजे विक्री न होता पसंतीसाठी बाहेर, गेलेला माल पाहा. तो दुकानाचाच असतो, फक्त ट्रेमध्ये नसतो. नग जास्त भरले तर बहुधा दुरुस्तीला आलेले ग्राहकांचे दागिने मोजणीत घुसलेले असतात. त्यांना वेगळ्या रंगाचा टॅग आणि वेगळं ठिकाण द्या. नग जुळूनही वजन चुकत असेल, तर खड्यांचे दागिने वेगळे काढून तपासा. खड्याचं वजन कॅरेटऐवजी ग्रॅममध्ये टाइप झालेली एखादी नोंद तिथेच सापडते.