हातोड्याने पाडलेली इंग्लिश नाणी जमवताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये १६६२ पर्यंत नाणी हातोड्याने पाडली जात. एक ठप्पा लाकडी ठोकळ्यात रोवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर दुसरा ठप्पा आणि वरून घाव. पहिल्या एलिझाबेथच्या काळात एलॉय मेस्ट्रेल नावाच्या फ्रेंच कारागिराने यंत्रावर नाणी पाडून दाखवली. ती हातोड्याच्या नाण्यांपेक्षा देखणी होती, पण टांकसाळीतल्या जुन्या मंडळींनी त्याला टिकू दिलं नाही. पुढे खोटी नाणी पाडल्याबद्दल तो फासावर गेला, ही गोष्ट वेगळी.

या छंदात नव्याने आलेल्या माणसाच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच सवय असते. हातोड्याच्या नाण्याला तो यंत्राच्या नाण्याची मापं लावतो. शिवराई जमवणाऱ्यांना हे लवकर उमगतं. ठप्पा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं पूर्ण असलेली शिवराई क्वचितच हाती लागते, पण म्हणून तिला कोणी झिजलेली म्हणत नाही. इंग्लिश पेनीच्या बाबतीत मात्र हीच मंडळी फोटोत राजाचं नाक दिसत नाही म्हणून नाणं सोडून देतात.

झीज कुठली आणि कच्चा घाव कुठला?

घाव तिरका बसला, ठप्पा जुना झालेला असला किंवा चकती एका बाजूने पातळ असली, तर तिथे छाप उठतच नाही. असं नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं त्या दिवशीही तसंच होतं. झीज आधी उंच भागांवर येते. गाल, केसांच्या बटा, मुकुटाची टोकं गुळगुळीत होतात आणि मग ती हळूहळू सगळीकडे पसरते. कच्च्या घावात एक कोपरा कोरा राहतो, पण लगतची अक्षरं धारदार असतात. आणखी एक सोपी खूण आहे. नाणं उलटं करून बघा. सपाट जागेच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूलाही सपाटपणा असेल, तर दोष बहुधा घावाचा.

प्रत्येक मालिकेची सरासरी वेगळी असते, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या हेन्रीच्या ११५८ ते ११८० मधल्या पेनी इतक्या गबाळ्या पाडलेल्या आहेत की संपूर्ण लेख वाचता येणारी पेनी मिळाली तर नशीब समजा. पहिल्या एडवर्डची पेनी मात्र नीटच असायला हवी. तिच्यात तशी सूट देऊ नका. जाहिरातीत ‘त्या काळाच्या मानाने उत्तम’ असं लिहिलेलं असेल, तर ते वाक्य बाजूला ठेवा आणि फोटो मोठा करून बघा.

नाव वाचून राजा ठरवू नका

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ११८० ते १२४७ या काळात पाडलेल्या, मागे आखूड क्रूस असलेल्या पेनींवर सरसकट HENRICVS REX असाच लेख आहे, म्हणजे ‘हेन्रिकस रेक्स’. दुसरा हेन्री गेला, रिचर्ड आला, मग जॉन आला, तरी ठप्प्यावरचं नाव बदललं नाही. त्यामुळे ‘सिंहहृदयी रिचर्डची पेनी’ म्हणून विकायला ठेवलेल्या नाण्यावर हेन्रीचं नाव दिसलं म्हणजे विक्रेता लबाड आहे, असं होत नाही. उलट रिचर्डच्या नावाची इंग्लिश पेनी कोणी पुढे केली, तर तिथून निघा. इंग्लंडमध्ये तशी पाडलीच गेली नव्हती.

प्रश्न राहतो तो वर्गाचा. अभ्यासकांनी या पेनींचे अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या ढबीवरून आठ वर्ग पाडले आहेत. दुसरा ते चौथा वर्ग साधारणपणे रिचर्डच्या काळातला, तर १२०५ च्या सुमाराचा पाचवा वर्ग जॉनचा. विक्रेत्याला वर्ग विचारा. त्याला तो सांगता येत नसेल, तर रिचर्डच्या नावासाठी जास्तीचा पैसाही मोजू नका. १२४७ नंतर क्रूस लांब झाला, थेट कडेपर्यंत गेला आणि लेखात हेन्रीच्या पुढे ‘तिसरा’ हा आकडा किंवा शब्द आला, तेव्हा कुठे हा गोंधळ थांबला.

तोही फार काळ नाही. १२७९ च्या नव्या पेनीपासून एडवर्ड सुरू होतात. एकामागोमाग तीन, आणि तिघांचा चेहरा एकच, कारण तो कुणाचाच चेहरा नाही. मुकुट, केसांच्या दोन बटा आणि समोर रोखलेले डोळे ही नुसती राजाची खूण होती. राजासारखा दिसणारा राजा नाण्यावर येतो तो सातव्या हेन्रीच्या शेवटच्या वर्षांत, बाजूने काढलेल्या चेहऱ्याच्या ग्रोटवर, म्हणजे चार पेन्सच्या नाण्यावर. त्याआधीच्या एडवर्डांना आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या हेन्रींना वेगळं करायचं तर मुकुटाची घडण, अक्षरांची वळणं आणि बारीकसारीक खुणा बघाव्या लागतात. याला वेळ लागतो. घाई असेल त्याने ट्यूडर नाण्यांपासून, म्हणजे सातव्या हेन्रीपासून पहिल्या एलिझाबेथपर्यंतच्या नाण्यांपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागची बाजू न वाचणं ही याच चुकीची धाकटी बहीण. १२७९ पूर्वीच्या पेनीवर मागे नाणं पाडणाऱ्याचं नाव आणि गाव असतं. LVND म्हणजे लंडन, NICOLE म्हणजे लिंकन. नंतर माणसाचं नाव गेलं आणि फक्त शहर राहिलं. अपवाद एकच, बेरी सेंट एडमंड्सच्या टांकसाळीतल्या रॉबर्ट डी हॅडली याचा. घाईत ‘लंडन’ म्हणून विकलेल्या ढिगात कधीकधी दुर्मीळ गाव निघतं. ते अर्थातच वाचणाऱ्याला मिळतं.

एलिझाबेथच्या नाण्यांत डोक्यामागचा गुलाब बघा. सहा पेन्स, तीन पेन्स, दीड पेनी आणि पाऊण पेनीवर तो असतो. शिलिंग, ग्रोट, दोन पेन्स आणि एक पेनीवर नसतो. झिजलेलं तीन पेन्सचं नाणं सहा पेन्सचं म्हणून खपवलेलं दिसतं. मोजपट्टी लावली की प्रश्न मिटतो.

जुनं म्हणजे महाग नव्हे

विल्यम द कॉन्करर हे केवढं नाव! पण त्याची PAXS अक्षरांची पेनी तुलनेने सहज मिळते, कारण १८३३ मध्ये हॅम्पशायरमधल्या ब्यूवर्थला अशा हजारो पेनींचा साठा सापडला. त्याच्या मानाने साडेपाचशे वर्षांनंतरची, यादवी युद्धात वेढा पडलेल्या न्यूअर्कमध्ये कापलेली चौकोनी नाणी खिसा रिकामा करतात.

वजनाचा काटा नसणं

स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा घ्या, तो महाग नसतो. पण नुसतं वजन बघून नाणं कातरलेलं, म्हणजे कडेची चांदी कापून घेतलेलं, ठरवू नका. पेनीचं ठरलेलं वजनच उतरत गेलं. १२७९ मध्ये सुमारे १.४४ ग्रॅम, १३५१ मध्ये १.१७, १४१२ मध्ये ०.९७ आणि १४६४ मध्ये ०.७८. चौथ्या एडवर्डची पाऊण ग्रॅमची पेनी अगदी सज्जन असू शकते. कातरकाम ओळखायचं तर बाहेरची टिंबांची माळ आणि अक्षरांची डोकी शाबूत आहेत का ते बघा.

खोट्या नाण्यांबाबत एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ती ही. एकाच ठप्प्याची दोन नाणी असू शकतात, पण तीच तड, तोच वाकडा काठ आणि तेवढाच सरकलेला छाप असलेली दोन नाणी हातोड्यातून निघत नाहीत. महागडं नाणं घेण्याआधी जुन्या लिलावांचे फोटो चाळा. त्याचा जुळा भाऊ भेटला, तर दोघांपैकी निदान एक साच्यातून ओतलेला आहे. ओतलेल्या नाण्यावर भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात, काठावर सांध्याची रेघ दिसते आणि अक्षरं साबणासारखी बुळबुळीत वाटतात. चांदीच्या मुलाम्याखाली तांबं डोकावणारी मध्ययुगीन बनावट नाणीही असतात. त्यांचा वेगळा छंद आहे, फक्त किंमत त्या हिशेबाने द्या.

चिंच, पितांबरी आणि इस्त्री

देवघरातली चांदी लखलखीत ठेवणाऱ्या घरात हे सांगणं अवघड आहे, पण नाण्यावरचा काळसर थर राहू द्या. घासलेलं नाणं ओरखडलेलं आणि निर्जीव दिसतं आणि अनुभवी गिऱ्हाईक ते लगेच ओळखतं. माती चिकटलेली असेल तर शुद्ध पाणी पुरे. वाकलेलं नाणं सरळ करायला जाऊ नका. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते आणि कडकन तुटते. शिवाय वाक हा दर वेळी अपघात नसतो. आजारी माणसासाठी संताला नवस बोलताना पेनी वाकवायची प्रथा मध्ययुगीन इंग्लंडमध्ये होती.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या आणि रबरबँड दोन्ही टाळा. पीव्हीसीमुळे हिरवा चिकटा येतो आणि रबरामुळे काळा डाग पडतो.

कागद न मागणं

२०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघा मेटल डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. त्यात आल्फ्रेड राजाची नाणी होती. त्यांनी तो जाहीर न करता तुकड्यातुकड्याने विकायला काढला. २०१९ मध्ये दोघांना लांब मुदतीची कैद झाली आणि नाणी विकण्यात हात असलेल्यालाही शिक्षा झाली. साठ्यातली बहुतेक नाणी अजून बेपत्ता मानली जातात. म्हणून ‘शेतात सापडलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या गावात, कधी, नोंद झाली का, हे विचारा. ब्रिटिश म्युझियम चालवत असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज योजनेत नोंद असेल, तर तो क्रमांक नाण्यासोबत जपून ठेवा. इंग्लंडमध्ये राहणारे मराठी लोक स्वतः डिटेक्टर घेऊन निघणार असतील, तर आधी जमीनमालकाची परवानगी घ्या. एकाच ठिकाणी तीनशे वर्षांहून जुनी, सोन्याचांदीची दोन नाणी निघाली, तर १९९६ च्या कायद्याने तो खजिना ठरतो आणि चौदा दिवसांत कॉरोनर या स्थानिक अधिकाऱ्याला कळवावा लागतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

आणि संग्रह घेऊन पुण्याला परतण्याचा विचार असेल तर हे आधीच ठरवा. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष मानलं जातं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पुढे लंडनच्या लिलावात विकायची नाणी तिथेच ठेवलेली बरी.