बीएसए बी४० स्क्रॅम्बल्ससाठी बांधताना

बी४० ही बीएसए या ब्रिटिश कंपनीची जुनी एक-सिलिंडर मोटरसायकल: ३४३ सीसी, ७९ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). स्क्रॅम्बल्स म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची शर्यत. सुरुवात क्रँकपासून (पिस्टन फिरवतो तो दांडा) करा, रंगापासून नाही. बहुतेक बी४०च्या टायमिंग बाजूला (क्रँकच्या गिअर असलेल्या टोकाला) साधा बुश, म्हणजे धातूची नळी, असतो आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) तेल त्यातूनच मिळतं. बुश झिजला की दाब तिथेच गळतो, बिग एंड कोरडा पडतो आणि कनेक्टिंग रॉड क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) फोडून बाहेर येतो. म्हणून बुश नवा बसवून लाइन-रीम (भोक समोरच्या बेअरिंगच्या सरळ रेषेत कापणं) करून घ्याच. जमल्यास तिथे रोलर बेअरिंग घालून क्रँकच्या टोकातून तेल द्या. खर्चिक आहे, पण रेसिंगसाठी हाच खरा इलाज.

गाडी उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून क्रँककेसमध्ये उतरतं. हे तेल अडवणारा पंपाचा बॉल आणि त्याची सीट तपासा. इंजिन सुरू झाल्यावर तेल टाकीत परत येतंय ना, हे दर वेळी पाहा.

सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडरमागे डिस्ट्रिब्युटर असतो; त्याची दांडी सैल असेल तर ठिणगीचं टायमिंग स्थिर राहत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बरं, क्लबचा नियम आधी वाचा.

पुढे २१ इंची चाक, मागे १८. दोन्ही रिमना सिक्युरिटी बोल्ट (टायर रिमवर सरकू न देणारे). फायबरग्लास टाकी टाळा, इथेनॉलच्या पेट्रोलने ती विरघळते. नट इंची मापाचे आहेत, मेट्रिक पाने (स्पॅनर) लावू नका, नटांचे कोपरे जातात.