यूजनेटचा जुना मेसेज कुठून कसा फिरला ते हेडरवरून कसं ओळखायचं

यूजनेट म्हणजे विषयवार ग्रुपमध्ये मेसेज टाकून चर्चा करायचं, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरत जाणारं जुनं नेटवर्क. ऐंशीच्या दशकातले त्याचे मेसेज आज आर्काइव्हमध्ये वाचायला मिळतात, त्यातले १९८१ ते १९९१ चे बरेचसे टोरांटो युनिव्हर्सिटीच्या झूऑलॉजी विभागात हेन्री स्पेन्सर यांनी मॅग्नेटिक टेपवर जपून ठेवले म्हणून टिकले. पण वाचणारे बहुतेक जण सरळ मजकुरावर जातात आणि वरचं हेडर, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळी, सोडून देतात. ते सोडू नका, मेसेजचा अख्खा प्रवास तिथेच लिहिलेला असतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या की मधोमध कुठलाच मोठा सर्व्हर नव्हता. १९७९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीत टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना ही कल्पना सुचली, जवळच्या चॅपल हिलला स्टीव्ह बेलोविनने शेल स्क्रिप्टमध्ये पहिलं व्हर्जन लिहिलं, आणि सगळं चालायचं युनिक्सबरोबर येणाऱ्या यूयूसीपीवर, म्हणजे रात्री कॉलचे दर उतरले की एक मशीन मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावणार, साठलेले मेसेज देणार, त्याच्याकडचे घेणार, मग ते दुसरं मशीन पुढच्याला देणार. प्रत्येक साइटकडे स्वतःची कॉपी. कुठल्या शेजाऱ्याला कुठले ग्रुप द्यायचे ते ॲडमिनने ‘सिस’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असायचं.

आता हेडरमधली ‘पाथ’ ही ओळ शोधा. समजा त्यात असं काही दिसलं:

एमसीव्हॅक्स!सीस्मो!डेकव्हॅक्स!ड्यूक!अबक

हे उजवीकडून डावीकडे वाचायचं. ‘अबक’ हे लिहिणाऱ्याचं लॉगिन, मेसेज ड्यूकवर टाकला, तिथून डीईसी कंपनीच्या डेकव्हॅक्सने उचलला, मग व्हर्जिनियातल्या भूकंप अभ्यास केंद्राच्या सीस्मोने, आणि शेवटी ॲमस्टरडॅमच्या एमसीव्हॅक्सने. म्हणजे सगळ्यात डावीकडे असतं ते ही कॉपी जिथे साठवली त्या साइटचं नाव, त्यामुळे तोच मेसेज दोन आर्काइव्हमध्ये वेगवेगळ्या पाथने दिसला तर दोन्ही बरोबर असू शकतात.

ही ओळ नुसती नोंद नव्हती बरं का. पुढे पाठवण्याआधी साइट बघायची की शेजाऱ्याचं नाव पाथमध्ये आधीच आहे का, असेल तर पाठवायचीच नाही. तरी वेगळ्या वाटेने दुसरी कॉपी येऊ शकते, म्हणून प्रत्येक मेसेजला एकमेव ‘मेसेज-आयडी’ आणि प्रत्येक साइटवर आलेल्या आयडींची हिस्टरी फाइल, आयडी त्यात सापडला की कॉपी बाद. या दोन साध्या तपासण्यांमुळे कोणीही कोणाशीही जोडून घेऊ शकत होतं, अख्ख्या नेटवर्कचा नकाशा माहीत असायची गरजच नव्हती, आणि मला हे आजही फार मोठं डोकं वाटतं.

मग वेळ बघा. बी न्यूज या जुन्या यूजनेट सॉफ्टवेअरच्या मेसेजमध्ये ‘डेट’च्या (लिहिल्याची वेळ) जोडीला ‘डेट-रिसीव्ह्ड’ (साइटवर पोचल्याची वेळ) सापडतं, टाइमझोन सांभाळून वजाबाकी केली की प्रवासाला किती वेळ लागला ते कळतं. कधी उत्तर आधी पोचायचं आणि प्रश्न नंतर, कारण दोघांची वाट वेगळी, म्हणून क्रम लावायचा तर ‘रेफरन्सेस’ ओळीतल्या, म्हणजे ज्यांना उत्तर दिलंय त्या मेसेजच्या, आयडी बघून लावा. १९८६ नंतर एनएनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून मेसेज देण्याघेण्याची पद्धत, आली आणि इंटरनेटवरच्या साइट्स आयडी सांगून आधी विचारायला लागल्या की हा मेसेज हवा का, मग फोनसाठी रात्रीची वाट बघणं कमी कमी होत गेलं.

ग्रुपच्या नावावरून पण काळ कळतो. ‘नेट.’ने सुरू होणारं नाव दिसलं तर मेसेज साधारण १९८७ च्या आधीचा, कारण १९८६-८७ मध्ये सगळी नावं बदलून कॉम्प, रेक, साय, सोक वगैरे झाली. आपला सोक.कल्चर.इंडियन.मराठी हा त्या सोकखालीच नंतर आलेला.

आणि पाथवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. १ एप्रिल १९८४ ला सोव्हिएत नेते चेर्नेंको यूजनेटवर आले असा मेसेज फिरला, पाथच्या शेवटी ‘मॉस्कव्हॅक्स!क्रेमव्हॅक्स!चेर्नेंको’, आणि कित्येकांना तो खरा वाटला. प्रत्यक्षात तो ॲमस्टरडॅमच्या पीट बीर्टेमा यांनी एमसीव्हॅक्सवरून टाकला होता, म्हणजे एमसीव्हॅक्सच्या उजवीकडचं सगळं बनावट. डावीकडची नावं पुढच्या साइट्सनी स्वतः जोडलेली असतात, उजवीकडचं मात्र पाठवणारा हवं ते लिहू शकतो, म्हणून शंका आली तर त्याच सुमाराचे दुसरे मेसेज काढा आणि तीच दोन नावं शेजारी शेजारी अजून कुठे येतात का ते तपासा.