सागाचे प्लस वृक्ष कसे निवडावेत

आलापल्लीसारख्या सागवनात उंच, जाड बुंध्याचे झाड दिसले की ते आनुवंशिक गुणांनीही श्रेष्ठ असेल असे वाटते. परंतु नाल्याकाठची खोल माती लाभलेले सामान्य झाडही तितकेच फोफावते, आणि मातीचे हे देणे बियांतून पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणूनच प्लस वृक्षाच्या, म्हणजे पुढची पिढी वाढवण्यासाठी निवडलेल्या सरस झाडाच्या, निवडीचा सारा भर शेजारच्या झाडांशी केलेल्या तुलनेवर असावा.

त्यासाठी एकाच वर्षी लावलेले, सारख्या जमिनीवरचे आणि वाढीचे कल स्पष्ट होण्याइतके प्रौढ रोपवन घ्यावे. भरपूर उजेड मिळणारी कडेची झाडे आणि तोडलेल्या खुंटातून फुटलेली झाडे वगळावीत, कारण पहिली उजेडाच्या आणि दुसरी जुन्या मुळांच्या बळावर पुढे जातात. उमेदवार झाड ठरले की त्याच्या आसपासची पाच उत्तम झाडे निवडून सर्वांचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३७ मीटरवरचा घेर, एकूण उंची आणि पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतची खोडाची लांबी मोजावी. खोडाचा सरळपणा काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी पाहावा, कारण एका बाजूने सरळ भासणारे खोड दुसरीकडून वाकलेले निघते. पिळवटलेले किंवा बुंध्याशी खोल खाचा पडलेले झाड घेरात कितीही सरस असले तरी मी ते घेणार नाही.

सागात फुलोऱ्याची नोंद सर्वांत मोलाची आहे. पहिला फुलोरा शेंड्याच्या कोंबातून येतो, त्यामुळे सरळ वाढ तिथेच थांबते आणि खोड दुभंगते. साहजिकच उशिरा फुलावर येणाऱ्या झाडाला लांब, बिनफांदीचे खोड मिळते. मात्र फुलोऱ्याची ही दिरंगाई बीजोद्यानातही, म्हणजे निवडक झाडांची कलमे लावून बी मिळवण्याच्या बागेतही, टिकली, तर तिथे बी कमी मिळते. फळांचा भार पाहून झाड निवडण्याचा मोह तरीही आवरावा, कारण शेवटी आपल्याला लाकूड हवे आहे. पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रादुर्भाव असताना शेजाऱ्यांच्या मानाने कोणते झाड हिरवे राहते, हेही एकाहून अधिक हंगामांत पाहावे.

अगदी जवळची दोन झाडे एकाच आईची असू शकतात. त्यांच्यातील संकराने संतती दुबळी होण्याचा धोका असल्याने त्यांपैकी एकच घ्यावे. निवडलेल्या झाडावर रंगाचा पट्टा व क्रमांक घालून जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि डोळा भरून तयार केलेली कलमे बीजोद्यानात लावावीत. त्याच झाडांच्या बियांपासूनची रोपे निरनिराळ्या जमिनींवर चाचणीला लावावीत, आणि ज्याची संतती मागे पडेल त्याची कलमे बीजोद्यानातून काढून टाकावीत.