न्यू जर्सीत नवीन आलात? टाउनशिपच्या दफ्तरातले कागद असे मागा

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: घराच्या करारात अडकण्याआधी टाउनशिपकडून, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडून, त्या घराचे कागद मागवा. स्वयंपाकघर केवढं आहे, शाळा कशी आहे, स्टेशन किती लांब आहे हे आपण बारकाईने बघतो. पण तळघर परवाना काढून बांधलंय का, अंगणात जुनी तेलाची टाकी पुरलेली आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. गावाकडे सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय विसार न देणारी माणसं इथे तीस वर्षांच्या कर्जाचं घर रिअल्टरच्या, म्हणजे घरांच्या दलालाच्या, शब्दावर घेतात, हे मला बघवत नाही. कागद इथेही आहेत. फक्त ते कुठे आणि कसे मागायचे, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

ज्या कायद्याने हे कागद मिळतात तो म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. इथे सगळे त्याला ओप्रा म्हणतात. २००२ सालापासून तो लागू आहे आणि २०२४ मध्ये त्यात मोठे बदल झाले. भारतात माहिती अधिकारात अर्ज टाकलेला असेल तर याचा अंदाज लवकर येईल, पण दोन्ही कायदे सारखे नाहीत. आपल्याकडे १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवस. ओप्राच्या अर्जाला शुल्क नाही आणि कामाच्या ७ दिवसांत उत्तर यावं लागतं. अर्ज पोचला तो दिवस त्यात धरत नाहीत. अर्थसंकल्प, बिलं, करार, कर्मचाऱ्यांचे पगार असे कागद तर सामान्यतः लगेच दाखवायचे असतात.

व्हिसावर आहोत, अर्ज करावा का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून नीट सांगते. होय, करावा. भारतातला माहिती अधिकार फक्त नागरिकांना आहे, ओप्राला मात्र तशी अट नाही. तुम्ही एच-वनवर असा, एच-फोरवर असा किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असा, अर्जात ते विचारलंच जात नाही. राज्याबाहेर राहणारा माणूससुद्धा अर्ज करू शकतो, असं इथल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कागद कशासाठी हवा याचं कारणही द्यावं लागत नाही. टाउनशिपच्या कारकुनी खिडकीचा इमिग्रेशन खात्याशी काही संबंध नाही. ही भीती घेऊन गप्प बसलेली बरीच चांगली माणसं मी पाहिली आहेत.

अर्जात तीन गोष्टी मात्र विचारतात आणि त्यांची उत्तरं खरीच द्यायला हवीत. एक, तुम्ही कधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहात का. गुन्ह्याला बळी पडलेल्यांची खाजगी माहिती गुन्हेगाराच्या हाती जाऊ नये, यासाठी हा प्रश्न आहे. तो वाचून दचकायचं कारण नाही. दुसरं, कागद धंद्यासाठी हवेत का. हा प्रश्न २०२४ च्या बदलांनी आला. स्वतःसाठी घर बघताय, मुलांच्या शाळेचा करार बघताय, तर तो धंदा नव्हे. पण याद्या गोळा करून विकायच्या असतील तर तसं लिहावं लागतं आणि मुदतही लांबते. तिसरं, कागद कोर्टातल्या एखाद्या प्रकरणासाठी हवेत का. हाही प्रश्न २०२४ च्या बदलांनीच आला.

तुमचा अर्ज हीसुद्धा एक सरकारी नोंद असते, हे ध्यानात ठेवा. उद्या दुसरं कुणी तो मागू शकतं. म्हणून शेजाऱ्याबद्दलची तक्रार, घरगुती कहाणी, पासपोर्टचा नंबर असलं काही त्यात लिहू नका.

आधी आपलं गाव कोणतं ते शोधा

नवीन माणसाचा अर्ज सर्वांत जास्त वेळा चुकतो तो इथे. न्यू जर्सी लहानसं राज्य, पण त्यात ५६४ स्थानिक पालिका आहेत आणि प्रत्येकीचं दफ्तर वेगळं. पत्रावर जे गाव लिहिलेलं असतं ते बरेचदा नुसतं पोस्टाचं नाव असतं. इझलिन नावाची पालिकाच नाही, ते वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं. म्हणजे ज्या ओक ट्री रोडवर आपण भाजी, मसाले आणि साड्या घेतो त्या रस्त्याचा काही भाग एडिसनकडे आणि काही वुडब्रिजकडे. प्रिन्स्टन जंक्शनचे कागद वेस्ट विंडसरला मिळतात. केंडल पार्क, मॉनमथ जंक्शन आणि डेटन ही तिन्ही साउथ ब्रन्सविकची. स्किलमन हे माँटगोमेरी टाउनशिपमध्ये. आणि सॉमरसेट असा पत्ता असेल तर बहुधा तुम्ही फ्रँकलिन टाउनशिपचे रहिवासी आहात. त्यातही फ्रँकलिन नावाच्या टाउनशिप राज्यात एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नाव जोडून लिहा.

खात्री करायची तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघा. त्यावर पालिकेचं नाव असतं आणि ब्लॉक व लॉट असे दोन आकडेही असतात. आपल्या गट नंबरासारखीच ही जमिनीची ओळख. घर नंबर आणि रस्ता लिहाच, पण त्यासोबत ब्लॉक आणि लॉट दिलेत तर कारकुनाचा वेळ वाचतो आणि चुकीच्या घराची फाईल हातात येत नाही.

शाळांचा कारभार पालिकेकडे नसतो. बोर्ड ऑफ एज्युकेशन ही स्वतंत्र संस्था आहे, तिचा अर्ज तिच्याकडेच जातो. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन गावांचा तर शाळा जिल्हा एकच आहे. आणि टाउनहाउसच्या असोसिएशनला, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेला, ओप्रा लागू होत नाही, ती खाजगी संस्था आहे. तिचे हिशेब घरमालक म्हणून पाहायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो वेगळ्या कायद्याने.

अर्ज कसा लिहायचा

पालिकेत हे काम म्युनिसिपल क्लार्ककडे असतं. प्रत्येक पालिकेच्या संकेतस्थळावर ओप्राचा अर्ज असतो, तोच भरा. साध्या पत्राने काम होऊ शकतं, पण छापील अर्जातली सगळी माहिती त्यात यावी लागते, मग तो अर्जच वापरणं सोपं. प्रत ईमेलने मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. कागदी प्रत हवी असेल तर साध्या आकाराच्या पानाला ५ सेंट आणि लांब पानाला ७ सेंट.

खरी मेख आहे मजकुरात. ओप्राने कागद मिळतो, प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ‘या घरात काही बेकायदा बांधकाम झालं आहे का?’ असं लिहिलंत तर अर्ज फेटाळला जाईल आणि तो फेटाळणं कायद्याला धरूनच असेल. तेच असं लिहा: ‘अमुक पत्ता, ब्लॉक अमुक, लॉट अमुक. १ जानेवारी १९९५ पासून आजपर्यंतचे सर्व बांधकाम, वीज आणि प्लंबिंग परवाने, तपासणीचे निकाल, सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल आणि नियमभंगाच्या नोटिसा.’ (यातली दोन सर्टिफिकेटं म्हणजे घर राहायला योग्य असल्याचा आणि झालेलं काम मंजूर असल्याचा दाखला.) आता कारकुनाला नेमकं काय शोधायचं ते कळलं. ‘सर्व कागदपत्रं द्या’ हा शब्दप्रयोग टाळाच, त्याने काम अडतं. ईमेल मागायचे असतील तर कुणी कुणाला पाठवलेले, कोणत्या विषयाचे आणि कोणत्या तारखांमधले, हे सगळं द्यावं लागतं.

अर्ज पाठवण्याआधी एक फोन करा. ‘तुमच्याकडे या कागदाला काय म्हणतात?’ एवढंच विचारा. इथल्या क्लार्क ऑफिसमधली माणसं बहुतेक वेळा मनापासून मदत करतात. आपला उच्चार वेगळा आहे म्हणून संकोच करू नका, त्यांना दिवसभर सगळ्या जगाचे उच्चार ऐकायची सवय आहे.

घरासाठी काय मागायचं

परवान्यांच्या यादीत ‘उघडा’ परवाना दिसला तर थांबा. काम सुरू झालं, पण शेवटची तपासणी होऊन ते मंजूर झालं नाही, असा त्याचा अर्थ. सजवलेलं तळघर, वाढवलेलं डेक, गॅरेजची केलेली खोली यांचा परवानाच यादीत नसेल तर ती जबाबदारी खरेदीनंतर तुमच्या गळ्यात येते. विकणाऱ्याकडूनच ती निस्तरून घ्यायला वकिलाला सांगा.

तेलाच्या टाकीचं तर फार गंभीर आहे. गॅसची जोडणी येण्याआधी इथली जुनी घरं तेलावर तापवली जायची आणि ती टाकी अनेकदा अंगणात पुरलेली असायची. ती गंजून तेल जमिनीत मुरलं तर माती काढून स्वच्छ करण्याचा खर्च मालकाला सोसावा लागतो. म्हणून अर्जात टाकी काढल्याचा किंवा बंद केल्याचा परवाना स्वतंत्रपणे मागा. गळती झाली असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याकडेही त्या पत्त्याची फाईल असते, तिथेही ओप्राचा अर्ज चालतो.

वेळेचा हिशेब आधीच करा. रिअल्टरने केलेल्या करारात तो करार वकिलाकडून तपासून घ्यायला कामाचे ३ दिवस मिळतात, मग घराच्या तपासणीची थोडी मुदत असते. ओप्राचे ७ दिवस यात जेमतेम बसतात. घर आवडलं, ऑफर मान्य झाली, की त्याच दिवशी अर्ज टाका. घर तुमच्या नावावर असायची गरज नाही.

घर घेऊन झालं असेल तरी एक कागद मागवाच: असेसरकडचं (करासाठी घराचं मूल्य ठरवणारा अधिकारी) प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड. त्यावर तुमच्या घराचं क्षेत्रफळ, न्हाणीघरं, तळघर यांची नोंद असते आणि मूल्यांकन त्यावरच होतं. नसलेलं तिसरं न्हाणीघर तिथे लिहिलेलं असेल तर दर वर्षी तुम्ही त्याचा कर भरत राहता. मूल्यांकनाविरुद्ध अपिलाची मुदत बहुतेक काउंट्यांत १ एप्रिल, पण मॉनमथसारख्या काही काउंट्यांत १५ जानेवारी, त्यामुळे हे काम थंडीतच उरका. खरेदीखतं मात्र पालिकेत मिळत नाहीत, ती काउंटी क्लार्ककडे नोंदवलेली असतात. मिडलसेक्स काउंटीची न्यू ब्रन्सविकला, तर एसेक्स आणि हडसनमध्ये त्यासाठी रजिस्टर असं वेगळं कार्यालय आहे.

भाड्याने राहणाऱ्यांनाही यात बरंच काही आहे. मालकाला आपली नोंदणी करावी लागते: एक-दोन घरांची इमारत असेल तर पालिकेत, तीन किंवा अधिक घरांची असेल तर राज्याकडे. हीटिंग बंद आहे आणि मालक फोन उचलत नाही, अशा वेळी खरा मालक कोण हे त्या नोंदणीतून कळतं. मोठ्या इमारतींच्या तपासणीचे अहवालही राज्याकडून मागता येतात.

काही कागदांची वाट वेगळी

मुलाचा जन्मदाखला ओप्राने मागू नका. तो ज्या पालिकेत हॉस्पिटल आहे तिथल्या लोकल रजिस्ट्रारकडे मिळतो, तुम्ही राहता तिथल्या नव्हे. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढायचं असेल तर आईवडील दोघांची नावं असलेली, शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्या आणि एकाऐवजी दोन-तीन घेऊन ठेवा. भारतात वापरायला अपोस्टिल (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी मोहोर) लागलं तर ते राज्याच्या ट्रेझरी खात्याकडून होतं. मुलाचं शाळेतलं स्वतःचं रेकॉर्डही पालक म्हणून थेट शाळेकडे मागायचं असतं. अपघाताचा अहवाल पोलीस खात्याच्या रेकॉर्ड विभागात मिळतो.

काही गोष्टी कुणालाच मिळत नाहीत: सोशल सिक्युरिटी नंबर, गुन्ह्याच्या तपासाची कागदपत्रं, वकिलाशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार, निर्णयाआधीची अंतर्गत टिपणं. असा मजकूर कागदात असेल तर तेवढाच झाकून बाकीचा द्यावा लागतो. अख्खा कागदच नाकारला असेल तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

मुदतवाढ हवी असेल तर त्यांनी ती मुदतीच्या आत लेखी कळवायला हवी. काहीच न कळवता ७ दिवस उलटले तर तो नकारच समजला जातो. आधी नम्र ईमेल पाठवा, अर्जाची तारीख द्या. बरेच अर्ज एवढ्यावरच मार्गी लागतात. नाही झालं तर दोन दारं आहेत. गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे, म्हणजे ओप्राच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, तक्रार करायला पैसे लागत नाहीत, मध्यस्थीची सोयही आहे, पण निकालाला महिने लागतात. दुसरं दार सुपीरियर कोर्टाचं, तिथे ४५ दिवसांच्या आत जावं लागतं. पूर्वी जिंकलेल्या अर्जदाराला वकिलाची फी पालिकेकडून मिळायचीच. २०२४ च्या बदलांनंतर ती हमी उरलेली नाही. पालिकेने अवाजवी नकार दिला, ती वाईट हेतूने वागली किंवा तिने जाणूनबुजून कायदा मोडला असं ठरलं तरच ती नक्की मिळते. सामान्य माणसाच्या हातातलं बळ यामुळे कमी झालं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच अर्ज पहिल्या वेळी चोख लिहिणं आता जास्त महत्त्वाचं झालंय.

नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला कायदा नव्याने बघा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा माहितीचा कायदा गावच्या पालिकांना लागू होत नाही, प्रत्येक राज्याचा आपापला असतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला फॉइल म्हणतात, पेनसिल्व्हेनियात राइट टू नो लॉ. व्हर्जिनियाने हा हक्क आपल्या राज्याच्या नागरिकांपुरता ठेवला आहे आणि तसा तो ठेवता येतो, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे.